आधी ताण काढ, मग चीर जोड

पोरी, जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा नाद तुला लागला, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्या शिवडीच्या खोलीत टेबलभर जो पसारा मांडलायस, तो बघून लोक विचारणारच, हे भंगार कशाला सांभाळतेस? त्यांना उत्तर देत बसू नकोस. पण एक गोष्ट स्वतःशी पक्की धर. या यंत्रांमध्ये सगळ्यात दुर्मिळ वस्तू बहुतेकदा चिप नसते, बॉडी असते.

तुझ्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरमधला झेड-८० प्रोसेसर घे. झायलॉग कंपनीनं तो १९७६ साली बाजारात आणला आणि ४० पायांच्या त्या जुन्या चिपच्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या २०२४ साली. इतकी वर्षं माल निघत राहिला, त्यामुळे चिप शोधली तर सापडते. कपॅसिटर, रेझिस्टर, सॉकेट लॅमिंग्टन रोडला मिळून जातात. पण ज्या साच्यातून त्या मशीनची बॉडी निघाली, तो साचा उत्पादन बंद झाल्यावर सहसा कुणी जपत नाही. मूळची बॉडी म्हणजे तुझ्या हातात आहे तेवढीच. ती गेली की मशीन बोर्डापुरतं उरतं.

आणि ही यंत्रं आपलीही आहेत. तुझ्यासमोरचा डीबी स्पेक्ट्रम प्लस पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं ऐंशीच्या दशकात परवाना घेऊन बनवलेला. बाजूचा बीबीसी मायक्रो १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांमध्ये पोचलेल्या मशीनांच्या जातीचा. कित्येक मुलांनी आयुष्यातली पहिली ‘प्रिंट’ची ओळ याच कळांवर टाइप केली. म्हणून यांच्या मोडक्या पायाला आणि चिरलेल्या कोपऱ्याला नीट हात लागला पाहिजे. माझ्याकडे जे आहे ते आज सगळं सांगतो.

मोडलेला कण न् कण सांभाळ

मशीन आलं की आधी हलवून बघ. आत खुळखुळलं तर तो तुकडा कुठून आला हे कळेपर्यंत काहीही उघडून फेकू नकोस. कणाएवढा कपचाही डबीत टाक, डबीवर मशीनचं नाव लिही. मोडलेल्या जागेचा मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढ. पुढे कपचा कुठल्या अंगानं बसत होता हे त्या फोटोवरूनच कळतं.

मोडलेल्या कडा एकमेकींना लावून बघायचा मोह होतो. एकदा बघ आणि थांब. ताज्या मोडीच्या कडेला बारीक दाते असतात, तेच जोड घट्ट बसवतात. पुन्हापुन्हा लावून बघितलं की ते झिजतात आणि नंतर कितीही चांगला गोंद लावलास तरी फट दिसत राहते. त्या कडांना पॉलिशपेपर तर अजिबात लावायचा नाही.

उघडताना घाई नको

पडून जितकं मोडतं त्याहून जास्त उघडताना मोडतं. झाकण निघत नसेल तर एक स्क्रू राहिलाय असंच समज. रबरी पायांखाली, स्टिकरखाली, हँडलच्या खोबणीत बघ. बीबीसी मायक्रोचं बरं आहे. बॉडीचे चार स्क्रू, दोन मागे आणि दोन खाली, आणि त्यांच्याजवळ ‘फिक्स’ असं छापलेलंच असतं. जुन्या छोट्या मॅकिंटॉशला मात्र हँडलच्या आत खोलवर दोन स्क्रू असतात. त्यांना टी-१५ टॉर्क्सचा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो. तो नसेल तर आधी आण, आखूड पान्यानं झटापट करू नकोस.

ज्या मशीनमध्ये पिक्चर ट्यूब आहे, तिथे आणखी एक सक्त ताकीद. वायर काढून ठेवली तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो. तो उतरवणं ज्याला येतं, त्याच्या हातूनच ते करून घे. तोवर त्या बॉडीला हात लावू नकोस.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर मशीनचा आकार काढ आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेव. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला की तो समोरच्या प्लास्टिकमधून वर येतो आणि उंचवटा करून बॉडी फोडतो.

आपली शिवडीची हवा खाडीची, खारी. इथे वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनचे स्क्रू गंजून प्लास्टिकला धरून बसतात. जोर लावलास तर स्क्रू फिरतो, पण आतला प्लास्टिकचा खांबही पिळवटून तुटतो. अशा वेळी सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद स्क्रूच्या डोक्यावर टेकव. धातू तापला की भोवतालचं प्लास्टिक थोडं सैल होतं, मग हलक्या हातानं फिरव.

खटक्याच्या क्लिपांसाठी हेअर ड्रायरनं आधी कड कोमट कर, हाताला सोसेल इतपतच. गार प्लास्टिक ठिसूळ असतं, कोमट झालं की वाकतं. फटीत स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही, मुदत संपलेलं एटीएम कार्ड घाल. त्यानं कड खरवडत नाही.

गोंदाच्या आधी प्लास्टिकची जात ओळख

सगळ्या प्लास्टिकला एकच गोंद चालत नाही. बहुतेक जुन्या कॉम्प्युटरची बॉडी एबीएसची असते, काहींची पॉलिस्टायरीनची. नंतरच्या मशीनांत पॉलिकार्बोनेट आलं. १९९८चा रंगीत पारदर्शक आयमॅक त्यातलाच. आतली दातेरी चाकं, कप्प्या अशा हलत्या भागांना बहुधा अ‍ॅसिटल किंवा नायलॉन वापरतात.

बॉडीच्या आतल्या बाजूला शिक्का आहे का ते आधी बघ. नव्वदीनंतरच्या मालावर बाणांच्या दोन कंसांत एबीएस, पीसी, पीपी अशी अक्षरं असतात. आधीच्या मालावर बहुधा नसतात. मग आपण परीक्षा घ्यायची.

पहिली परीक्षा पाण्याची. सुटा कपचा साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात टाक. तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन, आणि त्याला नेहमीचा कुठलाच गोंद धरणार नाही. बुडाला तर दुसरी परीक्षा. बॉडीच्या आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या जागी अ‍ॅसिटोननं ओली केलेली कापसाची काडी टेकव. जागा चिकट झाली तर एबीएस किंवा पॉलिस्टायरीन. काहीच झालं नाही तर अ‍ॅसिटल, नायलॉन किंवा तसंच काहीतरी. चिकट न होता पांढुरकी पडली, बारीक तडे दिसले तर पॉलिकार्बोनेटचा संशय धर आणि अ‍ॅसिटोनची बाटली बंद करून ठेव. पारदर्शक बॉडीवर तर ही परीक्षाच घेऊ नकोस.

काही जण कपचा जाळून धुराचा वास घ्यायला सांगतात. ते करायचं नाही. या बॉडींमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमिनची रसायनं घालत. तो धूर छातीत घेण्याच्या लायकीचा नाही.

साफसफाई साबणानं, तेलानं नाही

भांडी घासायचा पातळ साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश. डाग चिवट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. यापुढे जायचं नाही. पेंटचा थिनर एबीएसला खाऊन टाकतो.

जुन्या वस्तूला चकाकी यावी म्हणून खोबरेल तेलाचा हात फिरवायची आपल्या घरांत सवय आहे. लाकडाला चालेल, एबीएसला नाही. ताणाखाली असलेल्या एबीएसमध्ये तेल शिरलं की न दिसणारे तडे वाढत जातात. स्क्रूच्या आजूबाजूला तर तेलाचं बोटही लावू नकोस.

चीर का गेली, हे विचारल्याशिवाय जोडू नकोस

माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घे. चीर ही शेवटी दिसणारी गोष्ट आहे, तिच्या आधी ताण असतो. कुणीतरी स्क्रू जास्त आवळलेला असतो. आतली वायर दाबून झाकण बसवलेलं असतं. ऑफिसात कुणी मशीनवर जड मॉनिटर ठेवलेला असतो. उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवून बॉडी वाकलेली असते आणि मग स्क्रूंनी ओढून सरळ केलेली असते. तो ताण तसाच ठेवून तू चीर जोडलीस तर जोड टिकेल, पण बोटभर अंतरावर नवी चीर जाईल.

म्हणून आधी स्क्रू न लावता बॉडीचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांवर ठेवून बघ. कुठे उचललं जातंय, कुठे घासतंय? वाकलेली कड असेल तर हेअर ड्रायरनं सावकाश कोमट करून सपाट फळीवर वजनाखाली ठेव, गार होऊ दे, पुन्हा बघ. एका दमात सरळ करायला जाऊ नकोस.

ताण गेला की चिरेचं टोक शोध. ती डोळ्यांना दिसते त्याच्या थोडी पुढे गेलेली असते. मागून टॉर्च धरलास तर दिसेल. त्या टोकाला एक ते दीड मिलिमीटरचं गोल भोक पाड. चिरेच्या अणकुचीदार टोकाशी सगळा जोर एकवटतो, गोल भोकाच्या कडेवर तो पसरतो आणि चीर तिथेच थांबते. बॉडीच्या दर्शनी बाजूला भोक पाडवत नसेल तर मागून अर्ध्या जाडीपर्यंत पाड. तेवढ्यानंही पुष्कळ काम होतं.

एबीएसला एबीएसनंच जोड

अ‍ॅसिटोन एबीएसला चिकटवत नाही, विरघळवतो. दोन कडा विरघळून एकमेकींत मिसळतात, अ‍ॅसिटोन उडून जातो आणि मागे उरतं ते एकच प्लास्टिक. म्हणून हा जोड गोंदापेक्षा चांगला.

बारीक चिरेसाठी नुसता अ‍ॅसिटोन पुरतो. दर्शनी बाजूला चिरेवर मास्किंग टेप घट्ट लाव, म्हणजे कडा एका पातळीत राहतील. मग उलटं करून शून्य नंबरच्या ब्रशनं मागून चिरेवर अ‍ॅसिटोनचा एक थेंब सोड. तो आपोआप फटीत ओढला जातो. दोन मिनिटं कडा एकमेकींवर दाबून धर आणि पुढचे चोवीस तास हात लावू नकोस. दर्शनी बाजूला थेंब ओघळला तर तिथली मूळची खरखर कायमची जाते, म्हणून ब्रश नेहमी निथळून घे.

मोठी फट असेल, कपचा हरवला असेल, तर राबडी करायची. भंगारातल्या कीबोर्डची किंवा मॉनिटरच्या पाठीची एबीएसची बॉडी घे, शक्य तितकी त्याच रंगाची. पक्कडीनं बारीक तुकडे कर, काचेच्या बाटलीत घाल, ते जेमतेम बुडतील एवढा अ‍ॅसिटोन ओत आणि रात्रभर ठेव. सकाळी काडीनं ढवळ. मधासारखी धार पडली पाहिजे. घट्ट वाटलं तर अ‍ॅसिटोन वाढव, पातळ वाटलं तर झाकण थोडा वेळ उघडं ठेव. प्लास्टिकच्या डबीत हे करू नकोस, डबीच विरघळू शकते.

चिरेच्या मागच्या बाजूला ब्लेडनं इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच कर आणि राबडी भर. एकदम जाड थर दिलास तर आत बुडबुडे राहतात. पातळ थर दे, तो सुकू दे, मग दुसरा. सुकताना राबडी आकसते, म्हणून थोडी वर येईल इतकी भर आणि पूर्ण कडक झाल्यावरच कानस लाव. जाड जागेला चार-पाच दिवसही लागतात. वरून कडक वाटलं तरी आत मऊ असतं.

आणि हे नीट ऐक. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतो, त्याची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. आपल्या चाळीत एकाच खोलीत गॅस, देवघर आणि तुझं टेबल. अ‍ॅसिटोनची बाटली उघडण्याआधी गॅस बंद, समई शांत, उदबत्ती विझलेली, खिडकी उघडी. शक्य असेल तर ते काम बाहेर गॅलरीतच कर.

फेविक्विकचं बळ आणि त्याची हद्द

फेविक्विकला सुकायला हवेतली आर्द्रता लागते. त्यामुळे जुलैत आपल्याकडे तो क्षणात धरतो, कपचा सरळ करायला वेळच देत नाही. दमट, कोंडलेल्या हवेत त्याची वाफ जोडाच्या आजूबाजूला बसून पांढरी झाक धरते. पावसाळ्यात वापरायचाच असेल तर थेंब अगदी थोडा घे आणि दूरवरून पंख्याचा हलका वारा राहू दे.

तो कुठे वापरायचा? कपचा तात्पुरता जागेवर धरायला. उडालेला बारीक कोपरा भरायला. कोपऱ्यासाठी खाण्याचा सोडा चिमूटभर टाक, त्यावर फेविक्विकचा थेंब सोड. लगेच दगडासारखं घट्ट होतं आणि कानशीनं घासता येतं. मात्र त्या क्षणी ते तापतं आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ येते, तोंड लांब ठेव. सांडलेला फेविक्विक सुती कापडानं किंवा कापसानं पुसू नकोस, कापूस तापून धुरावतो.

जिथे वाकण, ओढ किंवा धक्का आहे तिथे फेविक्विकवर विसंबू नकोस. तो कडक आहे, लवचीक नाही.

बळ मागून दे

समोरून रेघ दिसणार नाही एवढंच समोरचं काम. जोर घेणारं काम मागच्या बाजूला. मागची जागा १२० नंबरच्या पॉलिशपेपरनं खरखरीत कर, अल्कोहोलनं पूस. त्यावर फायबरग्लासच्या कापडाची पट्टी ठेव, चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर जाईल अशी, आणि वरून अ‍ॅराल्डाइट हा दोन ट्यूबांचा गोंद लाव. दोन्ही ट्यूबमधून सारखा माल काढ आणि रंग एकजीव होईपर्यंत ढवळ. पाच मिनिटांत धरणारा प्रकार सोयीचा, पण चोवीस तासांत पिकणारा जास्त बळकट. घाई नसेल तर तोच घे. फायबरग्लास कापताना आणि घासताना मास्क लावायचा, त्याची कूस फुप्फुसाला वाईट.

पट्टी लावण्याआधी खालच्या खुणा बघ. बॉडीच्या आत साच्याचा नंबर, महिना-वर्ष दाखवणारी गोल चकती, कधी कामगाराचा शिक्का असतो. पहिल्या मॅकिंटॉशच्या आत तर तो बनवणाऱ्या मंडळींच्या सह्या साच्यातच कोरलेल्या आहेत. मशीनची जन्मवेळ त्या चकतीवरूनच कळते. अशा खुणा पट्टीखाली गाडू नकोस. पट्टी कापून छोटी कर, सरकव, पण खूण मोकळी ठेव.

स्क्रूचा खांब

सगळ्यात जास्त मोडतो तो हा, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुझ्या स्पेक्ट्रमचा मागचा डावा खांब हातात घेऊन बघ. चीर वरून खाली सरळ गेलीय, बरोबर? स्क्रू आत जाताना खांबाला बाहेरच्या बाजूला रेटतो. स्क्रू जाड असला किंवा जास्त आवळला की खांब उभा फाटतो.

आधी चीर बंद कर. ब्लेडचं टोक घालून ती किंचित उघड, अ‍ॅसिटोन सोड, ब्लेड काढ, वरून नायलॉनचा दोरा पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळून एक दिवस ठेव. मग दोरा न काढता त्यावर अ‍ॅराल्डाइटचा पातळ हात फिरव. तो दोराच आता खांबाचा कायमचा पट्टा झाला. जागा असेल तर याहून चांगलं म्हणजे पितळी नळीचा छोटा तुकडा कापून बांगडीसारखा खांबावर चढवायचा आणि आत अ‍ॅराल्डाइट भरायचं. खांब पुन्हा फाटत नाही, कारण बाहेर जायला त्याला वावच राहत नाही.

आतले आटे गेले असतील तर भोकात एबीएसची राबडी भर, पूर्ण कडक होऊ दे, मग नव्यानं भोक पाड. ३ मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण २.४ ते २.५ मिलिमीटरचं भोक. जाड स्क्रू घालून वेळ मारून नेऊ नकोस, त्यानंच पुढचा खांब फाटतो.

आता स्क्रू परत घालताना. आधी उलटा फिरव, हलक्या हातानं. एका जागी ‘टक्’ करून तो किंचित खाली बसेल. तिथे जुना आटा सुरू होतो. तिथून सुलटा फिरव. असं केलंस तर स्क्रू जुन्याच वाटेनं जातो, नवे आटे कापत नाही. डोकं टेकलं की थांब. प्लास्टिकमध्ये ‘अजून थोडं’ आवळायचं नसतं. ही एक सवय लावून घेतलीस तर निम्म्या दुरुस्त्या करायची वेळच येणार नाही.

पाय, क्लिप आणि दातेरी चाकं

स्पेक्ट्रम प्लसला खाली दोन घडीचे पाय असतात. पाय मोडला तर तो नुसता चिकटवून चालत नाही, मशीनचं वजन आणि हाताचा दाब रोज त्यावर येतो. दोन्ही तुकड्यांत समोरासमोर एक मिलिमीटरचं भोक पाड, स्टीलच्या तारेचा तुकडा अर्धा इकडे अर्धा तिकडे जाईल असा घाल आणि अ‍ॅराल्डाइटनं बसव. वजन तार घेते, गोंद फक्त तिला धरून ठेवतो.

क्लिपचं तसंच. क्लिपचं कामच वाकायचं, आणि जोडलेली जागा वाकत नाही, तुटते. मोडकी क्लिप छाटून टाक आणि तिच्या जागी पातळ स्टीलची पट्टी वाकवून छोट्या स्क्रूनं बसव.

अ‍ॅसिटल आणि नायलॉनची दातेरी चाकं चिकटवण्यात वेळ घालवू नकोस. दुसऱ्या मशीनचं चाक शोध, नाहीतर थ्रीडी प्रिंट करून घे. प्रिंट करताना पीएलए वापरू नको म्हणून सांग. तो साधारण ६० अंशाला मऊ पडायला लागतो, आणि पॉवर सप्लायजवळ एवढी ऊब सहज असते. पीईटीजी किंवा एबीएस माग.

स्पेक्ट्रमच्या कीबोर्डची पातळ पट्टी मात्र वेगळी चीज आहे. त्या प्लास्टिकच्या फितीवर वाहक शाई छापलेली असते. तिला सोल्डर करता येत नाही आणि गोंद लावून वीज जात नाही. जुनी झाली की ती कडकडीत होते, वाकवली की तडकते. टोकाशीच तडकली असेल आणि लांबी पुरत असेल तर तेवढं टोक कात्रीनं सरळ कापून सॉकेटमध्ये पुन्हा घाल. घालताना-काढताना सरळ धर, डावी-उजवीकडे हलवू नकोस. मधूनच तडकली असेल तर नवी पट्टी मागव.

पिवळेपणा घालवायचा असेल तर

ऊन आणि हवा यांनी एबीएस पिवळं पडतं. २००८च्या सुमारास जुन्या मशीनांच्या शौकिनांनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांचा उपाय शोधला. सलूनचं सामान विकणाऱ्याकडे केस रंगवायचं क्रीम डेव्हलपर मिळतं. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ४० म्हणजे १२ टक्के. तू ६ टक्क्यांवरच राहा. स्टिकर, लोगो, धातूचं सगळं उतरव, हातमोजे आणि चष्मा घाल, क्रीम सगळीकडे सारखं लाव, वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळ आणि तासातासानं फिरव. सुकू दिलंस तर पट्टे उठतात आणि ते जात नाहीत.

दसऱ्यानंतरचं ऊन याला चांगलं. मे महिन्यात गच्चीवर बॉडी इतकी तापते की पातळ भाग वाकू शकतो, आणि पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नाही. रंग परत येतो, ताकद येत नाही, आणि काही वर्षांत पिवळेपणाही परत येऊ शकतो. म्हणून आधी बळकटी, रंग शेवटी. बॉडी थोडी पिवळी राहिली तरी काही बिघडत नाही. तिचं वय तेवढं आहे.

सामान कुठून आणायचं

हार्बर लाइनच्या लोकलनं मस्जिदला उतर. नागदेवी स्ट्रीटला बारीक ड्रिल, स्क्रू, स्टीलची तार, पितळी नळी मिळेल. तिथून पुढे प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांची दुकानं आहेत, अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल तिथून सीलबंद घे. नखांच्या पॉलिश रिमूव्हरवर काम भागवू नकोस, त्यात तेल आणि वास मिसळलेला असतो. लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्स. भंगारातल्या बॉडीसाठी शुक्रवारी पहाटे चोरबाजार, आणि पत्रा-नळीचे तुकडे हवे असतील तर घराजवळ दारूखाना आहेच.

ठेवायचं कसं

वायर मशीनभोवती गुंडाळून ठेवू नकोस. पीव्हीसीच्या वायरमधलं मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि बॉडीत वायरचा खोल ठसा उमटतो, तो कशानंही जात नाही. वायर वेगळ्या पिशवीत. रबरबँडही नको. कपाटात डांबरगोळ्या टाकायच्या नाहीत, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिकं मऊ पडतात. फोमचा तुकडा बॉडीला लागून ठेवू नकोस, तो विरून चिकटतो. सुती कापडात गुंडाळ, सिलिका जेलच्या पुड्या टाक, पोटमाळ्यावर पत्र्याखाली नको, खालच्या फळीवर ठेव. एकावर एक रचू नकोस.

पुढच्याला उघडता आलं पाहिजे

शेवटचं सांगतो. बॉडीचा एक अर्धा भाग दुसऱ्याला कधीही चिकटवू नकोस. स्क्रूचा खांब गेला म्हणून कडेला गोंद लावून बंद केलेलं मशीन म्हणजे पुढच्या दुरुस्त करणाऱ्याला ते फोडायलाच लावलं. स्क्रूनं बंद झालेलं स्क्रूनंच बंद झालं पाहिजे. वेळ लागला तरी चालेल.

आणि बंद करण्याआधी आत एक छोटी चिठ्ठी टाक: तारीख, काय मोडलं होतं, कशानं जोडलं, कुठली जागा अजून कच्ची आहे. मूळचा एखादा तुकडा वापरता आला नसेल तर तो छोट्या पिशवीत घालून आत चिकटव. पन्नास वर्षांनी कुणी हे झाकण उघडेल, तेव्हा त्याला अंदाज बांधत बसावं लागू नये. कुठे अ‍ॅसिटोन लागलाय आणि कुठे अ‍ॅराल्डाइट, एवढं कळलं तरी तो ते मशीन न मोडता पुढे नेऊ शकतो. आज स्पेक्ट्रमचा तो डावा खांब घे, त्याला पट्टा चढव आणि पहिली चिठ्ठी त्यातच टाक.